मुंगीचा सांधा

नमस्कार श्रोतेहो. जमिनीवर बसून वापरायच्या बुटक्या टेबलाला जपानीत झाताकू म्हणतात. तसं टेबल घडवायला घेतलं, तर आखणी पायांपासून नको, वरच्या फळीपासून करा. सगळ्यात जास्त हलते ती फळीच. ४० सेंटिमीटर रुंद सागवानी फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हा फरक ३ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. खालून स्क्रूंनी घट्ट आवळलेली फळी मग तडकते.

जपानी सुतार तिथे आरिझान वापरतो. ‘आरि’ म्हणजे मुंगी; आपल्याकडे ज्याला डोव्हटेल म्हणतात, तोच हा आकार. फळी ३० मिलिमीटर जाड असेल, तर तिच्या पोटाला, लाकडाच्या रेषांना आडवी, १० मिलिमीटर खोल खाच पाडायची. तोंडाशी अरुंद, आत रुंद. तिच्यात त्याच आकाराची आडवी पट्टी सरकवायची. अशा दोन पट्ट्या. खाच आणि पट्टी दोन्ही एका टोकाकडे २ मिलिमीटरने निमुळत्या ठेवा, म्हणजे पट्टी बरीचशी हातानेच आत जाते आणि शेवटी मोगरीचे चार ठोके पुरतात. दोन्ही बाजू समांतर ठेवल्या, की पट्टी अर्ध्यावर अडकते आणि ठोकताना खाचेची कड उडते. फेव्हिकॉल लावायचाच नाही. फळी पट्टीवर सरकत राहते, पण वाकत नाही. स्क्रूला हे जमत नाही.

पाय पट्टीलाच जोडायचे, आणि तेही पट्टी फळीत घालण्याआधी. पट्टी ५४ मिलिमीटर रुंद, तर पायाचं कुसू, म्हणजे पट्टीतल्या भोकात बसणारं पायाचं वरचं टोक, १८ मिलिमीटर जाड. कुसवाच्या टोकाला, दोन्ही कडांपासून ६ मिलिमीटर आत, दोन तृतीयांश खोलीपर्यंत करवतीचे दोन काप घ्या. पट्टीतलं भोक वरच्या तोंडाशी, लांबीच्या दोन्ही टोकांना, २-२ मिलिमीटर पसरट करा. कुसू भोकात बसवून त्या दोन कापांत पाचरी ठोकल्या, की ते तिथे फाकतं आणि पुन्हा निघत नाही.

पाचरीची दिशा मात्र दोनदा तपासा. कुसू पट्टीच्या रेषांच्या दिशेनेच फाकलं पाहिजे. आडवं फाकलं, तर पट्टी उभी चिरते. पाचरी सुक्या, कठीण लाकडाच्या घ्या, डोक्याशी ४ मिलिमीटर जाड, आणि दोन्ही आळीपाळीने ठोका. सुरुवातीला आवाज बद्द येतो. तो टणक झाला की हात थांबवा. बाहेर राहिलेलं करवतीने कापून, पटाशीने सपाट करून मगच पट्टी खाचेत सरकवा.