इंग्रजीत कोण बुडतं?

नागपुरात भाषांतर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.

मित्रहो, २३ सप्टेंबर २०२३ची पहाट इथल्या बहुतेकांना आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. डागा लेआउटमधली तळमजल्यावरची घरं बुडाली, मोरभवनच्या बसगाड्या बुडाल्या, रस्ते बुडाले, काही माणसंही गेली. हे सगळं सांगायला मराठीत 'बुडणे' हे एकच क्रियापद पुरतं. तीच बातमी इंग्रजीत करायला बसलात, की पहिल्याच ओळीत अडता.

इंग्रजीत घर 'फ्लड' होतं, बस 'सबमर्ज' होते, नाव 'सिंक' होते. 'ड्राउन' होतो तो श्वास घेणारा जीव. बससाठी 'ड्राउन' वापरलं, तर इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे बसमधले प्रवासी येतात. रिकाम्या बसच्या बातमीत त्याला विनाकारण मृत्यू दिसतो.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. 'मुलगा बुडाला होता, पण पोरांनी वाचवला,' हे आपण सहज म्हणतो. रोजच्या इंग्रजीत मात्र 'ड्राउन्ड' म्हणजे मेलाच. वाचलेल्यासाठी 'निअर ड्राउनिंग' असा वेगळा शब्द रूढ होता. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत डॉक्टरांनी व्याख्या बदलली: द्रवात बुडाल्यामुळे श्वासात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे 'ड्राउनिंग', मग माणूस मरो, जायबंदी होवो की धडधाकट परतो. ही व्याख्या आपल्या 'बुडणे'च्या फार जवळची आहे. म्हणून वैद्यकीय मजकूर हाती आला, तर 'ड्राउनिंग'चं डोळे झाकून 'बुडून मृत्यू' करू नका. बातमीत मात्र 'ड्राउन्ड' दिसलं, तर बहुधा तोच अर्थ असतो.

आता लाक्षणिक वापराकडे येतो, कारण खरी गफलत तिथं होते. 'ती सध्या कामात बुडून गेली आहे,' हे वाक्य घ्या. त्याचं 'ड्राउनिंग इन वर्क' केलंत, तर अर्थ उलटा झाला. आपल्या वाक्यात तल्लीनता आहे, इंग्रजीत गुदमरणं आहे. अभ्यासात, वाचनात, नामस्मरणात बुडालेल्या माणसासाठी इंग्रजीत 'इमर्स्ड' आहे. गणपती विसर्जनाच्या इंग्रजी बातमीतही 'इमर्शन'च येतं. मूर्तीसाठी कुणी 'ड्राउन' वापरत नाही, आणि ते बरोबरच आहे.

जेवणाच्या बाबतीतही तेच. तर्रीत बुडालेले पोहे म्हटलं की आपल्या तोंडाला पाणी सुटतं. इंग्रजीत एखादा पदार्थ रशात 'ड्राउन' झाला, की त्यात बहुधा तक्रार असते: रसा जास्त झाला, मूळ चव गेली. जास्तीची ही छटा त्या शब्दाला चिकटलेलीच आहे. डीजेत सनईचा आवाज बुडतो, तिथं मात्र 'ड्राउन आउट' चपखल बसतं, कारण तिथंही एक आवाज दुसऱ्याचा जीव घेत असतो.

या शब्दाची एक जुनी बाजू मला फार आवडते. इंग्लंडच्या दक्षिणेकडे, विल्टशर-डॉर्सेट भागात, नदीकाठच्या कुरणांवर हिवाळ्याअखेर पाण्याचा पातळ, वाहता थर सोडत. त्यामुळे जमीन गोठत नसे आणि गवत लवकर उगवे. हे काम करणाऱ्या माणसाला 'ड्राउनर' म्हणत आणि त्या कामाला कुरण 'ड्राउन' करणं. भंडारा-गोंदियात बांधीत पाणी धरणाऱ्या धान उत्पादकाला हे काम समजावून सांगावं लागणार नाही. बुडवणं म्हणजे जगवणं, हा अर्थ इंग्रजीतही नांदून गेला आहे.

'इनंडेट', म्हणजे पाण्याखाली जाणं, हा शब्द सरकारी पत्रकांत सतत भेटतो. त्याच्या पोटात लॅटिन 'उंडा' आहे, म्हणजे लाट. हा 'उंडा' आणि आपलं 'उदक' एकाच मुळाचे. त्याच 'उंडा'पासून 'सराउंड' आला. त्याचा मूळ अर्थ ओसंडणं असा होता. पुढे 'राउंड'शी घोटाळा होऊन तो वेढण्यावर आला.

कर्जाबद्दल मात्र मी थोडा थांबून बोलणार आहे. मराठीत माणूस कर्जात बुडतो आणि माणूसच कर्ज बुडवतो. दुसऱ्याला इंग्रजीत 'डिफॉल्ट' म्हणावं लागतं, तिथं पाण्याचा संबंध नाही. पहिल्यासाठी 'ड्राउनिंग इन डेट' तयार मिळतं. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बातमीत ते लिहिताना हात आवरा. त्या घरातल्या माणसानं विहिरीत जीव दिला असेल, तर त्याच परिच्छेदात हा वाक्प्रचार क्रूर ठरतो. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण त्याला चित्र दिसलेलं नसतं. तिथं सरळ लिहा: कर्ज किती, कुणाचं, व्याज किती, कापूस काय भावानं गेला.

लाक्षणिक बुडण्यात आरडाओरडा असतो. खरं बुडणं बहुतेक वेळा मुकं असतं. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकानं बुडणाऱ्यांचं चित्रण करून हे दाखवलं. तोंड पाण्याबाहेर जेमतेम येतं, त्यात श्वास घ्यावा की ओरडावं, तर शरीर श्वास निवडतं. हात उंचावून हलवता येत नाहीत, ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. हे सगळं वीस ते साठ सेकंदांत संपू शकतं. 'वाचवा, वाचवा' ही कल्पना आपण भाषेतून उचलली आहे. तिच्या भरवशावर तलावाच्या काठी उभा असलेला माणूस चार हातांवरचं पोर खेळतंय असंच समजतो.

शेवटी 'फ्लड ऑफ मायग्रंट्स', म्हणजे स्थलांतरितांचा पूर. मराठी याबाबत निर्दोष नाही. आपण 'लोंढे' म्हणतो, तोही पाण्याचाच शब्द. पुराला चेहरा नसतो, त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला फक्त अडवायचं असतं. माणसांना पूर म्हटलं, की हे सगळं आपोआप त्यांना लागू होतं. २०२०च्या टाळेबंदीत हैदराबादच्या बाजूनं चालत आलेले मजूर नागपूरवरून मध्य प्रदेश, छत्तीसगढकडे गेले. त्यांच्या पायांत काय होतं, कडेवर कोण होतं, हे रस्त्यावर उभं राहिलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ला वर्धा नदीचा पूर आला आणि २००हून अधिक माणसं गेली. तो पूर होता. महामार्गावरून चालत होती ती माणसं होती, आणि तुमच्या भाषांतरात ती माणसं म्हणूनच आली पाहिजेत, मूळ इंग्रजी वाक्यात 'फ्लड' असलं तरी.