सहीच्या आधी

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापुरात मी महाविद्यालयातल्या मुलांना गाणं शिकवते. तानपुरा कसा जुळवायचा, विलंबित ख्याल कसा भरायचा, हे आम्ही जीव ओतून शिकवतो. पण याच मुलांपुढे उद्या कुणी ध्वनिमुद्रणाचा करार ठेवला, तर ती एवढंच विचारतात, "सही कुठे करू?"

मीही तेच केलं होतं. कॅसेटचा काळ होता. सहा भक्तिगीतांना चाली दिल्या, मिळालेली बिदागी पर्समध्ये टाकली, कागद वाचला नाही. कॅसेट हातात आली तेव्हा वेष्टनावर माझं नाव नव्हतं. पुढे गड्ड्याच्या जत्रेत माझीच चाल भोंग्यावर वाजत होती आणि मी गर्दीत उभी राहून ऐकत होते. ते मला अजून लागतं.

म्हणून आता आठवड्यातला एक तास रियाजाचा नाही, कागदाचा. फळ्यावर बंदिशीऐवजी कराराचा नमुना लिहिते. आधी गाण्याची फोड: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, मुद्रण बहुधा पैसे घालणाऱ्याचं, आणि गाणाऱ्याचा हक्क आणखी वेगळा. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सही करूनही सोडून देता येत नाही; चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारं गाणं तेवढं याला अपवाद. कागदावर मुदतच लिहिली नसेल, तर दिलेले हक्क 5 वर्षांपुरतेच धरले जातात. हे ऐकून मुलं वहीतून मान वर काढतात. मात्र रॉयल्टी आपोआप दारात येत नाही. 1969पासून आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांसाठी ती गोळा करते, पण आधी सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात.

आपल्या सोलापूरच्या मुलांकडे तर मोठी पुंजी आहे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी! तीन भाषांत स्वच्छ उच्चारांनी गाणारा गळा मुंबईच्या स्टुडिओतही सहज मिळत नाही. तो स्वस्तात जाऊ नये, असं मला फार वाटतं.

गेल्या महिन्यात पूर्व भागातल्या एका विद्यार्थ्याला गणेशमंडळाच्या गाण्याची सुपारी आली. त्याने विसार घेण्याआधी कागद मागितला, रात्री मला फोनवर वाचून दाखवला. 'सर्व हक्क कायमचे' या ओळीपाशी तो थांबला आणि म्हणाला, "बाई, इथे मुदत घालायला सांगू?"

"सांग," मी म्हटलं, "आणि चाल कुणाची तेही लिहून घे."

नमस्कार.