थंडाईचं वाटण

(पडदा काळा. पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज.)

नागपूर. मार्च महिना. सकाळचे साडेसात, आणि ऊन आत्ताच मागच्या अंगणात उतरलंय. आईने रात्रीच दोन भांड्यांत भिजत घातलं होतं. एकात पाव वाटी खसखस. दुसऱ्यात अर्धी वाटी मगज, पंधरा बदाम, दोन चमचे बडीशेप आणि दहा-बारा मिरे.

(भिंगातून: बोटाच्या टोकावर खसखस.)

हा खसखशीचा दाणा. जेमतेम मिलिमीटरभर. आकार राजम्यासारखा, अंगावर पोळ्यासारखी जाळी. ही येते अफूच्या बोंडातून. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे, राजस्थानात चितोडगडकडे सरकारी परवान्यावर अफू पेरतात. हिरव्या बोंडाला चिरा द्यायच्या, चीक खरवडायचा, तो मोजून सरकारजमा करायचा. मग बोंड झाडावरच वाळतं आणि आत उरतं ते हे बी. आपण वाटणात घालतो तेवढ्याने झिंगबिंग येत नाही. पण दुबईला लेकीकडे निघाला असाल, तर बॅगेत खसखस टाकू नका. तिथे तिच्यावर बंदी आहे.

मगज म्हणजे टरबूज, खरबूज, काकडी, भोपळा यांच्या बियांचा गर. आता सोललेला मिळतो. आई सांगते, पूर्वी उन्हाळाभर बिया राखेत चोळून वाळवायच्या आणि दुपारी सगळ्या बायका सोलत बसायच्या. वाटीभर मगजाला अख्खी दुपार जायची.

(पाट्यावर भिजलेल्या बिया.)

खरं काम इथून पुढे. मी एकदा आईला न विचारता सगळं कोरडंच मिक्सरला लावलं होतं. भांडं तापलं, बदामाला तेल सुटलं, खसखस मात्र होती तशीच. पेल्याच्या तळाशी नुसती वाळू. खसखस इतकी बारीक, की पात्याखाली सापडतच नाही. म्हणून रात्रभर भिजवायची, पाणी निथळायचं आणि आधी ती एकटीच वाटायची, चमचा-चमचा पाणी घालत. मिक्सरवरही जमतं. भांडं छोटं घ्या आणि मधेमधे थांबा. बाकीचं त्यानंतर.

बघा, वाटण पांढरं व्हायला लागलं. बियांतलं तेल बारीक थेंबांनी पाण्यात मिसळलं, की असा दुधाळ रंग येतो. आई चिमूटभर उचलून दोन बोटांत चोळते. कण लागला की परत वरवंटा. गंधासारखं मऊ झालं पाहिजे, तिचं दुसरं माप नाही.

साखर शेवटी. एक वाटी पिठीसाखर आणि सहा वेलदोड्यांची पूड. साखर पडली की वाटण सैल होतं, मग वरवंट्याखाली ठरत नाही, नुसतं पळतं. गुलाबपाकळ्या, केशर हौसेवर.

(काचेची बरणी. झाकण लागतं.)

यात पाणी आहे, त्यामुळे फ्रिजमध्येही तीन-चार दिवसच. जास्त केलं तर बर्फाच्या साच्यात गोठवायचं. एका पेल्याला एक वडी.

आमच्याकडे थंडाई महाशिवरात्रीला आणि होळीला. पुढे उरलेल्या उन्हाळ्यात तिची कुणाला आठवण नाही, हे मला पटत नाही. एप्रिल-मे अख्खा पुढे पडलेला असतो! दोन चमचे वाटण, पेलाभर गार दूध, झालं. सकाळी दूधपोह्यांत साखरेऐवजी हेच कालवा. गरम पोळीला तूप लावून वर हे पसरा आणि गुंडाळी करून मुलांच्या हातात द्या. शिऱ्यात घालायचं तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर वेलदोड्याचा वास उडून जातो.

(पाट्यावर पाणी ओतलं जातं.)

पाटा धुतलेलं हे पांढरट पाणी आई फेकत नाही. तांब्यात घेते, दूध घालते, हलवते. तो पेला वाटायला बसलेल्याचा. आज वरवंटा मी धरला होता, तरी पेला तिनेच उचलला.