मोटार खोलली आहे, पण झाली का?

नमस्कार मंडळी. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, लाइन रात्रीची, आणि नेमकी विहिरीवरची मोटार जळते. ती वाइंडिंगवाल्याकडे टाकून दोन दिवसांनी तुम्ही विचारता, "भाऊ, माही मोटार झाली का?" उत्तर ठरलेलं, "खोलली आहे ना!"

माझ्या चुलतभावाचं असंच दुकान आहे. एकदा मोजलं तर अकरा मोटारी खोललेल्या, तयार एकही नाही. कोणाची बेअरिंग आणायची राहिलेली, एकीचे नट दुसरीच्या डब्यात. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून आली की खोलायची. पैसे मात्र मोटार चालू करून दिल्यावरच मिळतात.

मग फळ्यावर नंबर लावले. एका वेळी दोनच मोटारी खोलायच्या. एकीचं वार्निश वाळेस्तोवर दुसरीवर हात चालतो, म्हणून दोन. बेअरिंगचे डबेही दोन केले. एक रिकामा झाला की तो दारात टांगायचा, तालुक्याला जाणारा भरून आणतो.

ही युक्ती जपानातली. टोयोटाचे ताइची ओनो 1956 मध्ये अमेरिकेत गेले. तिथल्या किराणा बाजारात फळीवरून जेवढं उचललं जाई, तेवढंच परत भरलं जाई. तीच रीत त्यांच्या कारखान्यात मुरली. या रीतीला 'लीन', म्हणजे सडपातळ, हे नाव 1988 मध्ये पडलं. वायफळ गेलेल्या कष्टाला जपानी लोक 'मुदा' म्हणतात. आपला मुद्दाही तोच. जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या रात्रभर उभ्या राहतात, तो मुदा. संत्र्याचं तेच कॅरेट तीनदा उचललं, तोही मुदा.

मग कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याच्या दोनच बॅगा ठेवायच्या का? नाही बाप्पा! मृग बरसला की सारं गाव एकाच दिवशी सोयाबीन मागतं, तिथं गोदाम भरलेलंच पाहिजे. खुद्द टोयोटानं 2011 च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. पण फवारणीची औषधं मुदत संपेपर्यंत फळीवर पडून राहिली, तर तो पैसा मेला.

भावाकडे पहिले पंधरा दिवस भांडणं झाली. "माही मोटार कोपऱ्यात तशीच पडली!" हळूहळू लोक फळा वाचायला शिकले, सांगितलेल्या दिवशीच येऊ लागले. सरपंचाची मोटार आली की भाऊ अजूनही गुपचूप तिसरी खोलतो. त्या दिवशी बाकावर हमखास दोघं-तिघं बसलेले दिसतात.