बाकावरचा पोरगा आणि 'सुपर बोल'

[हातात रबरी चेंडू. टेबलावर जोरात एक टप्पा.]

नमस्कार मंडळी! हा चेंडू लहानपणी तुमच्याकडेही असणार. एक टप्पा मारला की थेट छताला, आणि मग अर्धा तास सोफ्याखाली शोधाशोध.

1966 साली डॅलसमधल्या एका घरात पोरं असाच चेंडू आपटत होती. चेंडूचं नाव 'सुपर बॉल'. त्या उन्हाळ्यात त्यांच्या बापाने अमेरिकन फुटबॉलच्या कमिशनरला एक पत्र लिहिलं. त्यात म्हटलं, आपल्या नव्या अंतिम सामन्याला मी गमतीने 'सुपर बोल' म्हणतो, याहून चांगलं नाव मिळेलच म्हणा. बोल म्हणजे वाडगा. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियममुळे तिकडच्या मोठ्या सामन्यांना 'बोल' म्हणायची जुनी पद्धत होती.

चांगलं नाव काही मिळालं नाही. तेच चिकटलं.

त्या बापाचं नाव लामार हंट. जन्म 1932, आर्कान्सामधलं एल डोराडो गाव. त्याचा बाप एच. एल. हंट पक्का पोकरबाज. 1930 मध्ये पूर्व टेक्सासमधल्या तेलाच्या जमिनींचे हक्क त्याने घेतले आणि अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत जाऊन बसला. थोडक्यात, लामारला पैसा कमवायचा नव्हताच, तो घरात होता. कॉलेजात तो फुटबॉल खेळायचा. खेळायचा कसला, बाकावर बसायचा! पण खेळाचं वेड गेलं नाही.

आता खरी गोष्ट. 1959 सालचा फेब्रुवारी, लामार 26 वर्षांचा. त्याला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमधली शिकागो कार्डिनल्स टीम विकत घेऊन डॅलसला आणायची होती. मालक मायामीत होता, म्हणून हा तिथे गेला. मालक म्हणाला, विकायची नाही. वर फुशारकीने सांगत बसला, तुझ्यासारखे अजून कोण कोण माझ्या दारात येऊन गेलेत. त्यात एक नाव ह्यूस्टनच्या बड ॲडम्सचं. तोही तेलवाला.

परतीच्या विमानात लामारच्या डोक्यात आलं: अरे, दारात इतके जण उभे आहेत, तर आपणच दुसरं घर का बांधू नये? त्याने विमान कंपनीचे कोरे कागद मागून घेतले आणि तिथेच पहिल्या वर्षाचा हिशोब मांडला. मग ह्यूस्टनला जाऊन ॲडम्सला भेटला. जेवण झालं, गप्पा झाल्या, पण विषय काही निघेना. विमानतळावर सोडायला आलेल्या ॲडम्सला जाता जाता विचारलं, नवी लीग काढली तर येशील? तो एका पायावर तयार!

1960 मध्ये आठ टीमची एएफएल सुरू झाली. मालक मंडळी स्वतःलाच 'मूर्खांचा क्लब' म्हणायची. पण या मूर्खांनी एक शहाणपणा केला. टीव्हीचे पैसे सगळ्या टीमना सारखे वाटले. मोठ्या शहराची टीम असो की छोट्या, वाटा तेवढाच. माझ्या मते लामारच्या तेलापेक्षा ही वाटणी जास्त मोलाची होती. आपल्या आयपीएलच्या केंद्रीय निधीमागे हाच विचार दिसतो.

तरी पहिल्या वर्षी तोटा झालाच. एक किस्सा सांगतात. कोणीतरी एच. एल.ला म्हणालं, तुमचा पोरगा वर्षाला दहा लाख डॉलर घालवतोय. म्हातारा म्हणाला, मग दीडशे वर्षांत भिकेला लागेल!

डॅलसमध्ये एनएफएलने मुद्दाम काउबॉयज ही टीम उतरवली. तीही तेलवाल्याची. दोन टीमना शहर पुरेना, म्हणून 1963 मध्ये लामार आपली टीम कॅन्सस सिटीला घेऊन गेला. तेच आजचे चीफ्स.

1966 च्या एप्रिलमध्ये काउबॉयजचे टेक्स श्रॅम आणि लामार डॅलस विमानतळावर गुपचूप भेटले. पार्किंगमधल्या गाडीत बसून दोन्ही लीगच्या विलीनीकरणाचं बोलणं झालं आणि जूनमध्ये घोषणा. दोन्ही लीगच्या विजेत्यांमधला तो नवा अंतिम सामना यातूनच आला. ज्यांनी दारातून परत पाठवलं, तेच आता गाडीत बसवून तह करत होते.

एक डाग मात्र सांगायलाच हवा. आपल्याकडे नफा झाला की 'चांदी झाली' म्हणतात. हंट बंधूंच्या बाबतीत चांदीनेच घात केला. जगातली चांदी गोळा करायच्या नादात भाव औंसाला सहा डॉलरवरून जवळपास पन्नासवर गेला, आणि 27 मार्च 1980 ला अकराच्याही खाली कोसळला. 1988 मध्ये ज्युरीने चांदीचा भाव फुगवल्याबद्दल भावांसोबत लामारलाही जबाबदार धरलं. दोन भावांचं दिवाळं निघालं, हा निभावला. साध्या बुटांचा, विमानात स्वस्त वर्गातून फिरणारा हा माणूस त्यात कसा अडकला, मला अजून कोडं आहे.

लामार 2006 मध्ये गेला. आणि हो, [चेंडू पुन्हा हातात] तो चेंडू पोरांना आणून दिला होता त्याच्या बायकोने, नॉर्माने. पहिल्या सुपर बोलपासून 57व्यापर्यंत ती प्रत्येक सामन्याला हजर होती. फेब्रुवारी 2023 मधला तिचा शेवटचा. चीफ्स 38, ईगल्स 35.