एक खानदेश, दोन कलेक्टर

[दृश्य : धुळे, आग्रा रोड; वरून सरळ, समांतर गल्ल्या]

या गल्ल्या धुळ्यात आजही नंबरानेच सांगितल्या जातात. १८१८ मध्ये पेशवाई गेली, खानदेश कंपनी सरकारकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला कलेक्टर झाला. त्याने ठाणं धुळ्यात नेलं, कारण गाव मुलखाच्या मध्यावर आणि आग्र्याच्या वाटेवर. पांझरेकाठी जुन्या गावाशेजारी नवी पेठ वसली.

[दृश्य : जुना नकाशा]

मालेगाव, नांदगाव, बागलाण तेव्हा खानदेशातच. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला आणि हे तिन्ही तालुके तिकडे गेले. त्याआधीची खानेसुमारी नंतरच्या शिरगणतीशेजारी तशीच मांडली, तर माणसं घटल्याचा भास होतो. घटलेली असते ती हद्द.

[दृश्य : १९०१ चे आकडे, जवळून]

१९०१ च्या शिरगणतीतला खानदेश : १०,०४१ चौरस मैल, १४,२७,३८२ माणसं. मैलाला सरासरी १४२. या सरासरीने पश्चिमेकडचा डोंगरी मुलूख झाकून टाकला. १९०६ मध्ये जिल्हा दुभंगला आणि १९०१ च्याच तालुकावार नोंदी नव्या हद्दीप्रमाणे पुन्हा जुळवल्या, तेव्हा तो उघडा पडला. पूर्व खानदेश, ठाणं जळगाव : ४,५४४ चौरस मैल, ९,५७,७२८ माणसं. पश्चिम खानदेश, ठाणं धुळे : ५,४९७ चौरस मैल, माणसं ४,६९,६५४. पूर्वेला मैलामागे २११, पश्चिमेला ८५. जमीन निम्म्याहून जास्त, माणसं तिसऱ्या हिश्श्याइतकीच.

[दृश्य : भुसावळ जंक्शन; मग तळोद्यामागचा सातपुडा]

पूर्वेला तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि १८६० च्या दशकात आलेली रेल्वे. पश्चिमेला अक्राणी, तळोदा, नवापूरचं रान. वस्ती भिल्ल, पावरा, कोकणी, मावची लोकांची, पाडे दूरदूर. अशा भागाचा कारभार मैदानी तालुक्यांच्या मापाने हाकणं चूकच होतं. त्यात ही शिरगणती १८९९–१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ झाली, तेही ध्यानात ठेवावं लागतं.

[दृश्य : आजचा नकाशा]

१९६० मध्ये निझरकडची गावं गुजरातेत गेली. पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमचा धुळे. १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. १९०१ च्या खानदेशाशी आजची लोकसंख्या ताडायची, तर आधी हे तीन जिल्हे एकत्र धरायचे आणि सीमेपलीकडे गेलेली गावं त्यांत मिळवायची.