फळीवरची चार अक्षरं

तुमचा वाढदिवस कधी असतो? फ्रेडरिकला हे सांगता यायचं नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात तेव्हा आई गुलाम असेल तर मूलही जन्मतःच गुलाम. आणि गुलामाच्या पोराचा वाढदिवस कोण लक्षात ठेवणार?

आठेक वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोरला ऑल्ड यांच्या घरी धाडलं. त्यांच्या लहानग्याला सांभाळायचं. मालकीणबाई सोफिया मायाळू. त्यांनी त्याला एबीसीडी शिकवायला घेतली. छोटे शब्द जुळायला लागले, तोच मालकांना कळलं. ते कडाडले: हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहायचा नाही! शिकवणं तिथेच थांबलं. पोरगा मात्र ऐकत होता. मालकाला ज्याची एवढी धास्ती, तेच आपल्याला हवं, हे त्याला उमगलं.

मग तो खिशात पाव घेऊन बाहेर पडू लागला. गल्लीतली गोरी पोरं गरीब, कायम भुकेली. पाव त्यांना, धडा याला.

लिहिणं तो शिकला जहाजं बांधतात तिथे. सुतार फळी तासली की ती जहाजाच्या कुठल्या बाजूची, त्याचं अक्षर तिच्यावर लिहीत. डावीकडची एल, उजवीकडची एस, पुढची एफ, मागची ए. झाली चार अक्षरं! तेवढ्या भांडवलावर तो पोरांना डिवचायचा, “मला तुझ्याइतकंच लिहिता येतं.” “हॅट्, दाखव!” समोरचा इरेला पेटून आणखी अक्षरं काढायचा, आणि तीही याच्या पदरात पडायची. कुंपण, भिंत, रस्ता ही वही. खडू ही लेखणी.

3 सप्टेंबर 1838. अंगावर खलाशाचे कपडे, खिशात दुसऱ्याच्या नावाचा, स्वतंत्र खलाशी असल्याचा कागद. फ्रेडरिक पळून निघाला होता. कागदातलं वर्णन याच्याशी जुळतही नव्हतं! रेल्वेतल्या तपासनिसाने त्यावर नुसती नजर टाकली. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. मागोमाग आली अ‍ॅना मरे. ती स्वतंत्र होती, पळून जायला तिनेच मदत केली होती. दोघांनी लग्न केलं आणि नवं आडनाव घेतलं: डग्लस.

डग्लस गुलामगिरीविरुद्ध बोलू लागले, तेव्हा लोकांना खरंच वाटेना. असा बोलणारा माणूस गुलाम कसा? म्हणून 1845 मध्ये त्यांनी मालकांच्या नावांसकट आपली कहाणी छापली. आता पकडले जायची भीती! ते ब्रिटनला गेले. तिथल्या स्नेह्यांनी मालकांना 150 पौंड भरून त्यांना गुलामीतून सोडवलं. परतल्यावर त्यांनी ‘नॉर्थ स्टार’, म्हणजे ध्रुवतारा, हे वृत्तपत्र काढलं. उत्तरेकडे पळणारे गुलाम रात्री हाच तारा बघून वाट काढत. 1865 मध्ये अमेरिकेतून गुलामगिरी गेली.

1877. डग्लस जुन्या मालकाला, बाल्टिमोरच्या ऑल्ड यांच्या भावाला, थॉमस ऑल्डना, भेटायला गेले. म्हातारा अंथरुणाला खिळलेला. बोलता बोलता डग्लसनी विचारलं, माझा जन्म कधीचा?

नक्की सांगता येत नाही, ऑल्ड म्हणाले. बहुतेक फेब्रुवारी 1818.